सॅक्सोफोन शिकायचाय? आधी तुमचा कान काय मागतो ते बघा

चाळिशी-पन्नाशीत "आता काहीतरी वाजवायला शिकूया" म्हणून सॅक्सोफोन घेणारे आपल्याकडे बरेच आहेत, आणि त्यातले निम्मेअधिक वर्षभरात तो पेटीत घालून माळ्यावर टाकतात, हे मी माझ्या आजूबाजूला इतक्या वेळा बघितलंय की शेवटी म्हटलं लिहूनच काढू. कारण बहुतेकवेळा एकच असतं. माणसाला आवडतात आर.डी.ची गाणी, मास्तर शिकवतात इंग्रजी पुस्तकातली बालगीतं, घेतलेला असतो सोप्रानो, म्हणजे सरळ नळीचा सॅक्स, कारण तो दिसायला छान, आणि रियाझ चालतो रात्री दहाला बेडरूममध्ये घाबरत घाबरत. कशाचा कशाला मेळ नाही. मग कंटाळा येणारच की.

तर खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या, पहिली सोडून दुसरीवर उडी मारू नका, दुकानात जायची घाई तर अजिबात नको.

१. आठवडाभर फक्त ऐका आणि लिहून ठेवा

तुम्हाला सॅक्स "आवडतो" म्हणजे नक्की कुठला आवडतो? हा प्रश्न स्वतःला विचारा कारण एकाच वाद्यातून पाच वेगळ्या जगांचे आवाज निघतात. फोनमध्ये एक नोट उघडा आणि सॅक्सचा जो तुकडा ऐकून अंगावर काटा येतो तो लिहून ठेवा, कोणी वाजवलाय तेही शोधा. साधारण असे गट पडतात:

जुनी हिंदी गाणी. यात निम्म्या वेळा एकच नाव सापडेल, मनोहारी सिंग (१९३१–२०१०). कलकत्त्याहून मुंबईत आलेला माणूस, पुढे आर.डी. बर्मनचा अरेंजर. 'काश्मीर की कली' मधलं 'है दुनिया उसी की' ऐका, गाणं रफीचं आहे तितकंच त्या सॅक्सचं आहे. अल्टो सॅक्सचा (प्रकार पुढच्या पायरीत येतातच) असा रडवेला पण न चिरकणारा आवाज आपल्या पिढीच्या कानात बसलाय आणि बहुतेकांना खरं म्हणजे तोच हवा असतो.

गुळगुळीत, लांब सुरांचं, हॉटेलच्या लॉबीत लागतं तसलं. केनी जी. नावं ठेवणारे पुष्कळ आहेत पण दम बघा त्याचा, १९९७ मध्ये एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरून रेकॉर्ड केला होता त्याने, गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत. आवडतं तर आवडतं, लाजायचं काय त्यात.

जॅझ. चार्ली पार्कर, कोलट्रेन वगैरे. सुरुवातीला पार्कर ऐकून डोकं गरगरत असेल तर पॉल डेस्मंड ऐका, तोही अल्टोच, पण मऊ आणि सावकाश.

शास्त्रीय, आपलं. इथे कद्री गोपालनाथ. घराणं नादस्वरम वाजवणारं, म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्स ऐकला आणि त्यावर अख्खं कर्नाटक संगीत बसवलं. १९९४ ला लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवलं, २००४ ला पद्मश्री. सॅक्सवर गमक, म्हणजे सूर हलवून घेणं, येत नाही म्हणणाऱ्याला त्यांचं एखादं रेकॉर्डिंग पाठवून द्यायचं आणि गप्प बसायचं.

आणि वरातीचा बँड. हो, हाही गट आहे आणि चांगला मोठा आहे, फक्त कबूल कोणी करत नाही. लहानपणी बँडच्या मागे चालत गेलेल्या माणसाला तो मोकळा, थोडा फाटका, रस्ताभर ऐकू जाणारा आवाजच खरा वाटतो.

आठवड्याने यादी बघा. एका गटाकडे काटा झुकलेला दिसेल. दोनकडे झुकला तरी हरकत नाही, पण पाचही लिहिले असतील तर तुम्ही नीट ऐकलेलं नाही, अजून एक आठवडा घ्या.

२. कुठला सॅक्स: बहुतेकांसाठी अल्टो

चार मुख्य प्रकार: सोप्रानो, अल्टो, टेनर, बॅरिटोन. बोटं चारींवर सारखीच पडतात, अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन माणसाने १८४६ ला पेटंट घेताना अख्खं कुटुंबच तसं आखलं होतं, म्हणजे एक आला की दुसऱ्यावर जाता येतं.

यादीत जुनी गाणी किंवा कद्री असतील तर अल्टो, डोळे झाकून. वजन साधारण अडीच किलो, फुंक आटोपशीर लागते, सुटे भाग आणि रीड (माउथपीसवर लावायची वेताची पातळ पट्टी) सगळीकडे मिळतात. यादीत खर्जातला, घोगरा जॅझ जास्त असेल तर टेनर, पण तो जवळजवळ साडेतीन किलोचा, मानेचा त्रास असेल तर पट्टा गळ्यात नको, खांद्यावरून येणारा हार्नेस घ्या. केनी जी वाल्यांनो, मला माहितीये तुम्हाला सरळ नळीचा सोप्रानो हवाय. नका घेऊ पहिला. सोप्रानोवर ओठ केसभर हलला तरी सूर घसरतो, नवख्याच्या तोंडी तो शिट्टीसारखा वाजतो आणि घरचे दोन दिवसात हात जोडतात. वर्षभर अल्टो वाजवा, मग बघा.

३. खरेदी, आणि त्यात फसायच्या जागा

आधी भाड्याने मिळतो का बघा. मोठ्या शहरात काही दुकानं आणि काही मास्तर देतात, ओळखपत्राची झेरॉक्स आणि डिपॉझिट लागतं. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज सारखी जुनी दुकानं आहेत, घ्यायचा नसला तरी जाऊन हातात धरून बघा.

नवीन घ्यायचा तर यामाहाचं विद्यार्थ्यांचं मॉडेल सुरक्षित आहे पण लाखाच्या वर जातं. त्याच्या चौथाई किमतीत ऑनलाइन चकचकीत, लाल-निळ्या रंगाचे सॅक्स दिसतील, पांढरे हातमोजे फुकट. त्यातले काही बरे निघतात, काहींच्या किल्ल्या सहा महिन्यांत वाकतात आणि मग रिपेअरवाला हात लावायला तयार नसतो कारण पार्टच मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर त्याच पैशात चांगल्या कंपनीचा सेकंडहँड घ्या.

सेकंडहँड बघायला जाताना वाजवता येणारं कोणीतरी बरोबर न्या, बँडवाला असेल तर उत्तमच, या लोकांचा हात पक्का असतो. त्याला सांगा सगळ्यात खालचे सूर हळू आवाजात वाजवून दाखव. जोरात फुंकलं की गळका सॅक्सही बोलतो. हळू फुंकून खालचा सी, बी, बी फ्लॅट आला तर भोकांवरची पॅड नीट बसतायत. नाही आला तर पॅड बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. सिरियल नंबर बिलावर किंवा साध्या कागदावर लिहून, सही घेऊन ठेवा.

वाद्याबरोबर लागणाऱ्या गोष्टी:

– माउथपीस: सोबत आलेला तकलादू असेल तर यामाहाचा ४सी घ्या, स्वस्त आणि नवख्याला मानवणारा
– रीड: २ किंवा २.५ नंबरची, एकदम तीन-चार
– लिगेचर, म्हणजे रीड आवळायची पट्टी (माउथपीसबरोबर येते का विचारून घ्या)
– गळ्याचा पट्टा, रुंद आणि गादीवाला
– कॉर्क ग्रीस, माउथपीस बसतो त्या कॉर्कला लावायला
– आतून पुसायचं दोरीचं फडकं
– ट्यूनर (सूर कुठला लागतोय ते दाखवणारा) आणि मेट्रोनोम (ठेका देणारा), फोनमधले चालतात
– तानपुरा ॲप, हे आपल्याकडच्या माणसाला मेट्रोनोमपेक्षा जास्त कामाचं

रीडच्या नंबरवरून (नंबर जास्त तितकी रीड कडक) एक गैरसमज पसरलाय की ३ नंबर वाजवणारा २ नंबरवाल्यापेक्षा पुढचा. काही संबंध नाही. कडक रीडवर नवखा माणूस ओठ चावून सूर काढतो आणि दहा मिनिटांत जबडा दुखायला लागतो.

४. पहिले काही आठवडे: सगळ्यांना एकच जेवण

इथे आवडनिवड चालत नाही.

फक्त माउथपीस आणि वरची वाकडी नळी घ्या किंवा नुसता माउथपीस घ्या. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित आत वळवायचा, कडेने ओठ बंद, गाल फुगवायचे नाहीत. नुसत्या अल्टोच्या माउथपीसवर जो सूर यायला हवा तो हार्मोनियमच्या वरच्या सप्तकातल्या पांढरी सहाच्या, म्हणजे ट्यूनरवर ए च्या आसपास. ट्यूनर लावून बघा. तुमचा बराच वर जात असेल तर तुम्ही चावताय, सैल सोडा. खाली जात असेल तर ओठ फारच ढिला आहे. ही एक चाचणी इतकी उपयोगी आहे आणि किती मास्तर सांगत नाहीत.

मग पूर्ण वाद्य. पहिले तीन सूर बी, ए, जी: डाव्या हाताचं एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. प्रत्येक सूर श्वास संपेपर्यंत धरायचा, हळू सुरू करून मोठा, परत हळू. याला लाँग टोन म्हणतात आणि हा भाग मनोहारी सिंगवाल्यालाही चुकत नाही आणि वरातवाल्यालाही. तंबोऱ्यावर षड्ज लावायची सवय असलेल्यांना हे आपोआप आवडतं असं मी बघितलंय, बाकीच्यांना कंटाळा येतो, त्यांनी पाचच मिनिटं करा पण रोज करा.

रोज वीस मिनिटं हे रविवारच्या दोन तासांपेक्षा कधीही चांगलं, कारण ओठाच्या कडेचे स्नायू दमले की चुकीची पकड सुरू होते आणि त्यानंतरचा सगळा वेळ तुम्ही चुकीच्या पकडीचाच रियाझ करत असता.

५. पट्टीचा घोळ (हे नीट वाचा, इथेच जास्त लोक गळतात)

हार्मोनियम येणाऱ्या मराठी माणसाला सॅक्सवर पहिला धक्का बसतो तो इथे. अल्टोवर तुम्ही सी वाजवला की पेटीवर तो काळी दोन निघतो. टेनरवर सी वाजवला की काळी पाच. वाद्य बिघडलेलं नाही, ते तसंच आहे, अल्टो ई फ्लॅटचा आणि टेनर बी फ्लॅटचा.

अल्टोसाठी सोपी युक्ती: गायकाची पट्टी घ्या आणि पेटीवर काळ्यापांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून तीन खाली उतरा. तो तुमचा सा.

– पांढरी एक असेल तर अल्टोवर ए
– काळी एक: बी फ्लॅट
– काळी दोन: सी
– पांढरी चार: डी
– पांढरी पाच: ई
– काळी चार: एफ
– काळी पाच: जी

टेनरला तीन खालीच्या ऐवजी दोन वर. म्हणजे काळी एकला ई फ्लॅट, काळी पाचला सी. हा कागद लिहून सॅक्सच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

यातूनच दिसेल की गणपतीत सोसायटीत कोणी बाई काळी चार मध्ये गाणार असतील तर तुम्हाला अल्टोवर एफ येतो, सोपा. पण एखादे काका म्हणाले मी पांढरी दोन, तर तुमचा सा बी वर आणि पाच शार्प, नवख्याने सरळ सांगावं काका अर्धी पट्टी खाली घ्या. अर्धी खाली म्हणजे काळी एक, तुम्हाला बी फ्लॅट, दोनच फ्लॅट. काकांनाही वरचा सूर सोपा जातो, उपकारच होतात.

तानपुरा ॲप लावतानाही हेच. तुम्ही सी ला सा धरून अल्टोवर सरगम करणार असाल तर ॲपमध्ये डी शार्प, म्हणजे काळी दोन लावा. सी लावून बसलात तर सगळंच बेसूर वाटेल आणि दोष वाद्याला द्याल.

६. आता आवडीप्रमाणे रियाझ वाटून घ्या

बी, ए, जी पासून पूर्ण सप्तक आलं, वरच्या सप्तकाची अंगठ्याची किल्ली जमली की इथे या. वीस-तीस मिनिटांतला अर्धा वेळ लाँग टोन आणि सरगम किंवा स्केल, उरलेला अर्धा पूर्ण तुमच्या आवडीचा. हा उरलेला अर्धा भाग प्रत्येकाचा वेगळा असायला हवा, तो सगळ्यांना एकच देतात तिथे गाडी अडते.

जुन्या गाण्यांवाल्यांनी कराओके ट्रॅक लगेच लावू नये. मोह होतो, मान्य. पण ट्रॅक मागे असला की आपली चूक आपल्याला ऐकूच येत नाही. आधी मुखडा तोंडाने गा, सरगममध्ये गा, मग नुसत्या तानपुऱ्यावर वाजवा, रेकॉर्ड करून ऐका आणि मग ट्रॅक. दुसरं म्हणजे गाणं सॅक्सवर "गायचं" असेल तर शब्द डोक्यात हवेत. प्रत्येक सुराला जिभेने टक टक मारलं की गाणं टाइपरायटरवर वाजवल्यासारखं येतं. शब्द सुरू होतो तिथे जीभ लावा, शब्दाच्या आत सूर जोडून घ्या. एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो. आणि गाणं सुटण्याआधीच्या त्या छोट्या सॅक्सच्या जागा असतात ना, दोन-चार सेकंदांच्या, त्या वेगळ्या काढून पाठ करा, कारण लोकांना गाण्यापेक्षा त्याच आठवतात.

शास्त्रीयवाल्यांना मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, प्रश्न येतो. बासरीवर भोक अर्धं उघडता येतं, सॅक्सवर पॅड आहेत, तरी बोट एकदम न उचलता सावकाश उचललं आणि त्याच वेळी जबडा व घसा थोडा सैल सोडला की सूर सरकतो. सुरुवात वरच्या सप्तकात करा, खाली जड जातं. एकच राग घ्या, भूप घ्या, पाच स्वर, आणि महिनाभर त्यातच रहा. शिकवायला सॅक्सवाला गुरू मिळाला नाही तर गाण्याच्या क्लासला जाऊन बसा, बोटं सॅक्सच्या मास्तरांकडून आणि राग गाणाऱ्याकडून, असं दोन ठिकाणी शिकणं चालतं.

जॅझवाल्यांनी कागदापासून थोडं लांब राहायचं. डेस्मंडचा चार ओळींचा तुकडा घ्या, स्पीड निम्मा करा, गुणगुणा, मग वाद्यावर शोधा. ब्लूज स्केल (सहा सुरांचा असतो) एकाच पट्टीत पक्का करा आणि त्यावर बॅकिंग ट्रॅक लावून दोनच सुरांत काहीतरी बोलून बघा. हो, दोनच. सहाही सूर हाताशी असले की सगळे वरखाली पळत सुटतात.

केनी जी मंडळी: लाँग टोन हाच तुमचा रियाझ, तुम्ही नशीबवान.

बँडवाल्यांना मोकळी जागा आणि मोठा आवाज लागतो, आणि नोटेशनपेक्षा पाठांतर. चालता चालता वाजवायची सवय करा, उभं राहून जमणारं गाणं चालताना अडखळतं कारण पावलाचा ठेका आणि श्वास भांडतात.

परीक्षेसारखं काही समोर असल्याशिवाय ज्यांना अभ्यास होत नाही त्यांच्यासाठी ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत मंडळांच्या ग्रेड परीक्षा आहेत, आठव्या ग्रेडपर्यंत, त्यात नोटेशन वाचणं आलंच. मुलांना त्या मानवतात. मोठ्यांपैकी काहींना मानवतात, काहींचा जीव त्यातच जातो.

७. जागा आणि शेजारी

सॅक्स हळू वाजत नाही, म्हणजे वाजतो पण ते पुढचं कौशल्य आहे. बेलमध्ये, म्हणजे पुढच्या रुंद तोंडात, मोजे-टॉवेल कोंबले की आवाज कमी होतो असं कोणीतरी सांगेल. होत नाही. आवाज उघड्या भोकांमधून बाहेर पडतो, बेलचा संबंध अगदी खालच्या एक-दोन सुरांशी, उलट तेच सूर बिघडतात.

काय चालतं: कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवणं, खिडक्या बंद, दारावर गोधडी. अल्टो असेल तर पार्किंगमधल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसूनही जमतं, उन्हाळ्यात मात्र घाम निघतो. रात्री दहा ते सकाळी सहा नियमानेच शांतता आहे, आणि दुपारी एक ते चार पुण्यात कुठल्याही नियमाशिवाय. वेळ ठरवून वरच्या-खालच्यांना आधी सांगून या, जाताना हातात काहीतरी गोडधोड असू दे. संध्याकाळी साडेसहा ते सात, रोज तेवढाच, असं कळलं की लोक सहन करतात. कधी सुरू होईल याची खात्री नसते तेव्हा वैतागतात.

८. मास्तर शोधताना

मुंबई आणि गोव्यात सॅक्सची परंपरा जुनी आहे, गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकून आलेल्या वादकांनीच मुंबईचे जॅझ बँड आणि सिनेमाचे ऑर्केस्ट्रे उभे केले, त्यामुळे तिथे मास्तर मिळतात. पणजीला कला अकादमीत पाश्चात्य संगीताचं शिक्षण मिळतं. बाकी शहरांत पोलिस बँड, लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक शोधा, पाया पक्का असतो आणि शिस्त तर विचारूच नका.

पहिल्या भेटीत तुमची पहिल्या पायरीची यादी दाखवा. "हे कधी वाजवायला मिळेल आणि त्याआधी काय काय यायला लागेल" एवढं विचारा. जो यादी बघून हसला किंवा "ते सगळं नंतर" म्हणाला त्याच्याकडे तीन महिन्यांची फी आगाऊ भरू नका. नोटेशन शिकवतो की सरगम, की दोन्ही, हेही आधीच विचारा. आणि ऑनलाइन क्लास असेल तर पहिले दोन-तीन धडे तरी समोरासमोर घ्या, ओठाची पकड कॅमेऱ्यात धड दिसत नाही.

९. निगा, खास करून पावसाळ्यात

वाजवून झालं की रीड काढायची, पुसायची, सपाट डबीत ठेवायची. माउथपीसवर तशीच सोडली तर जून-जुलैत मुंबई-कोकणात चार दिवसांत बुरशी धरते. फडकं आतून ओढून घ्यायचं आणि ओलं फडकं परत वाद्याच्या पेटीत कोंबायचं नाही, बाहेर वाळत टाका. तीन-चार रीड आलटून पालटून वापरल्या की जास्त टिकतात.

पावसाळ्यातली नेहमीची तक्रार: जी शार्प वाजतच नाही, किल्ली दाबली तरी जी च येतो. रिपेअरला पळू नका. त्या भोकावरचं पॅड एरवी बंदच असतं, ओलाव्याने आणि तोंडातल्या गोडाने ते चिकटतं आणि त्याची स्प्रिंग नाजूक असल्याने उचललं जात नाही. बोटाने हलकं उचला, खाली पातळ कोरडा कागद सरकवा, पॅड हलकंच दाबा, सोडा, कागद काढा. दोन-तीनदा करा. दाबून धरून कागद खेचायचा नाही, पॅडचं कातडं फाटतं. आणि चहा-बिस्कीट खाऊन लगेच वाजवायला बसत असाल तर आधी खळखळून चूळ भरा.